मेडिकल रायटिंगच्या कोर्सला पैसे भरायच्या आधी

फोंड्याच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. बी.फार्म झालंय, तीनेक वर्षं वेर्ण्याला एका कंपनीत क्यूएमध्ये (औषधाची गुणवत्ता आणि नोंदी सांभाळणाऱ्या विभागात) आहे, आता मेडिकल रायटिंगमध्ये (औषधांच्या चाचण्यांचे रिपोर्ट, पेपर वगैरे लिहिण्याच्या कामात) जायचंय. एका इन्स्टिट्यूटचा चार महिन्यांचा ऑनलाइन कोर्स बघितलाय, फी ८५ हजार, 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणतात. घ्यावा का, दुसरा कुठला चांगला आहे का, आणि गोव्यात राहून हे करिअर होतं का, असं विचारतेय. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी मुंबईला होते आणि आता म्हापशाला घरूनच काम करते, नवीन रायटर घ्यायच्या इंटरव्ह्यूला पॅनेलवरही असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई म्हणून विचारलंस म्हणून तू म्हणते.

बाय, ते ८५ हजार आत्ता भरू नकोस. तू पाठवलेला सिलॅबस मी पूर्ण वाचला. क्लिनिकल ट्रायलचे (माणसांवरच्या औषध-चाचण्यांचे) फेज, जीसीपी (या चाचण्या नीट घेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम), जर्नल आर्टिकलचे भाग, रेफरन्सिंग, प्लेजिअरिझम, सीटीडीची (औषधाच्या मंजुरीच्या अर्जाच्या ठरलेल्या साच्याची) ओळख, हे सगळं खरंच लागतं, पण यातलं जवळजवळ सगळं फुकट किंवा किरकोळ पैशांत शिकता येतं. फुकट मिळत नाही ती गोष्ट म्हणजे तू लिहिलेलं पान कोणीतरी जाणत्या माणसाने ओळ न् ओळ वाचून, ट्रॅक चेंजेसमध्ये लाल करून, कारणासकट परत देणं, आणि तू ते सुधारून पुन्हा दिल्यावर पुन्हा वाचणं. त्याबद्दल त्या सिलॅबसमध्ये एक ओळ नाहीये. गाणं शिकवणारे बुवा समोर बसून सूर चुकला तिथेच थांबवतात ना, तसं थांबवणारं कोणी मिळत असेल तर त्याचे पैसे द्यावेत, रेकॉर्डेड लेक्चरचे देऊ नयेत. कुठल्याही कोर्सकडे बघताना मी हेच आधी बघते.

आता आधी हे ठरव की तुला नक्की कुठलं रायटिंग करायचंय, कारण मेडिकल रायटिंग म्हणून जे म्हणतात त्यात चार-पाच वेगवेगळी कामं आहेत आणि एकाचा कोर्स दुसऱ्याला फारसा कामाला येत नाही. रेग्युलेटरी रायटिंग म्हणजे प्रोटोकॉल (ट्रायलचा आराखडा), इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (ट्रायल घेणाऱ्या डॉक्टरांसाठी औषधाची माहिती), क्लिनिकल स्टडी रिपोर्ट म्हणजे सीएसआर, आणि औषधाच्या मंजुरीसाठी जाणाऱ्या डोसिअरमधल्या समरीज. सेफ्टी रायटिंग म्हणजे पीबीआरईआर आणि डीएसयूआर (औषधाच्या सुरक्षिततेचे ठराविक काळाने द्यायचे रिपोर्ट), आणि पेशंट नॅरेटिव्ह (एकेका पेशंटला काय त्रास झाला त्याची हकिकत). मेडकॉम किंवा पब्लिकेशन म्हणजे जर्नलचे पेपर, पोस्टर, कॉन्फरन्सच्या स्लाइड. मग डॉक्टरांसाठीचं प्रमोशनल मटेरियल आणि पेशंटसाठीची माहितीपत्रकं, ते अजून वेगळं. चार महिन्यांत हे सगळं शिकवतो म्हणणारा कोर्स प्रत्येकाची तोंडओळखच करून देणार, आणि तोंडओळखीवर कोणी कामाला घेत नाही.

तुझ्या बाबतीत मला एक गोष्ट तू लिहिलंयस त्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. क्यूएमध्ये आहेस म्हणजे एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), डेव्हिएशन (ती पद्धत मोडली गेल्याच्या नोंदी), कापा (चूक सुधारायचे आणि परत होऊ न द्यायचे उपाय), डेटा इंटेग्रिटी, एल्कोआ (नोंदी विश्वासार्ह ठेवायची तत्त्वं) हे सगळं तुझ्या हाताखालून जातंय. सीटीडीचे पाच मॉड्यूल असतात, पहिलं त्या त्या देशाचं प्रशासकीय, दुसरं समरीजचं, तिसरं क्वालिटीचं, चौथं नॉनक्लिनिकल, पाचवं क्लिनिकल. यातलं तिसरं मॉड्यूल, म्हणजे औषध कसं बनतं, कसं तपासलं जातं, किती टिकतं, त्याचा कच्चा माल रोज तुझ्याच टेबलावर असतो. त्याला सीएमसी रायटिंग म्हणतात आणि ते चांगलं लिहिणारे लोक कमी आहेत, कारण पाचवं मॉड्यूल ऐकायला भारी वाटतं म्हणून सगळे तिकडेच धावतात. तुमच्याच कंपनीत रेग्युलेटरी अफेअर्स डिपार्टमेंट असेल, गोव्यात नसेल तर हेड ऑफिसला असेल, तिथल्या कोणाला तरी विचार की स्टॅबिलिटीच्या (औषध किती टिकतं त्याच्या) सेक्शनचा पहिला ड्राफ्ट करायला देता का. त्यातून जे शिकशील ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि वर पगारही चालू राहतो. तिथून क्लिनिकलकडे वळलेली माणसं मी बघितलीत, एकदा आत शिरलं की वळता येतं.

क्लिनिकलच हवं असेल तर इंटरव्ह्यूत काय होतं ते सांगते, म्हणजे कोर्स कशासाठी घ्यायचा ते कळेल. सर्टिफिकेट आम्ही बघतो, पण वरवर. खरा निकाल रायटिंग टेस्टवर लागतो. साधारण असं असतं: एक छोटं टेबल देतात आणि त्यावर चार ओळी लिहायला सांगतात. समज टेबलात आहे की औषधाच्या ग्रुपमध्ये १२० पेशंट, प्लॅसिबोमध्ये (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीच्या ग्रुपमध्ये) ११८, डोकेदुखी औषधाच्या ग्रुपमध्ये १८ जणांना म्हणजे १५.० टक्के, प्लॅसिबोत ९ जणांना म्हणजे ७.६ टक्के, आणि पुढच्या कॉलममध्ये इव्हेंटची संख्या ३१ आणि १२. नवीन उमेदवार बहुतेक वेळा लिहितात की औषधामुळे १५ टक्के पेशंटना डोकेदुखी झाली आणि हे प्रमाण सिग्निफिकंटली जास्त होतं. या एका वाक्यात दोन चुका आहेत. 'मुळे' म्हटलंस म्हणजे कारण ठरवून टाकलंस, टेबल फक्त एवढंच सांगतंय की डोकेदुखीची नोंद झाली. प्लॅसिबोवरसुद्धा ९ जणांची झालीय, म्हणजे सगळी डोकेदुखी औषधाच्या माथी मारता येत नाही. आणि सिग्निफिकंट हा शब्द स्टॅटिस्टिकल टेस्ट झाली असेल तरच वापरायचा, इथे पी व्हॅल्यूच (त्या टेस्टचा आकडा) दिलेली नाही. काहीजण तर ३१ हा आकडा घेऊन ३१ पेशंट लिहितात, ते ३१ वेळा झालेलं डोकं दुखणं आहे, माणसं अठराच. बरोबर उत्तर अगदी साधं असतं, डोकेदुखीची नोंद औषधाच्या ग्रुपमध्ये १८ पेशंटमध्ये (१५.० टक्के) आणि प्लॅसिबो ग्रुपमध्ये ९ पेशंटमध्ये (७.६ टक्के) झाली, बस. हे ज्याला जमतं त्याची इंग्रजी थोडी अडखळती असली तरी आम्ही घेतो, कारण इंग्रजी सुधारता येते, आणि आकड्याला आकड्याएवढंच बोलू द्यायची सवय लागायला फार वेळ जातो. या रिपोर्टवर पुढे कोणाला तरी औषध द्यायचं की नाही ते ठरतं, म्हणून आम्ही या बाबतीत एवढे कडक असतो.

मग ही सवय कुठे लावायची? पहिलं म्हणजे आयसीएच (औषधांचे नियम सगळीकडे सारखे ठेवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) हिची ई३ ही गाइडलाइन डाउनलोड कर. १९९५ ची आहे पण आजही स्टडी रिपोर्टचा सांगाडा तोच आहे, सेक्शन ९ मध्ये स्टडी कशी केली, १० मध्ये पेशंट, ११ मध्ये एफिकसी (औषधाचा गुण किती आला), १२ मध्ये सेफ्टी, १३ मध्ये चर्चा आणि निष्कर्ष. तिच्या जोडीला कोअर रेफरन्स ठेव, २०१६ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या मेडिकल रायटर लोकांनी मिळून बनवलेलं मॅन्युअल आहे, फुकट आहे, ई३ मधल्या संदिग्ध जागा त्यात समजावून दिल्यात. नंतर युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या क्लिनिकल डेटाच्या साइटवर रजिस्टर कर, तिथे कंपन्यांनी मंजुरीसाठी दिलेले खरेखुरे स्टडी रिपोर्ट वाचायला मिळतात, गोपनीय भाग काळा केलेला असतो पण बाकी सगळं असतं. हजारो रुपयांच्या कोर्समध्ये 'सॅम्पल सीएसआर' म्हणून जे दोन-चार पानांचं दाखवतात त्याच्यापुढे हे म्हणजे खजिना आहे, आणि किती लोकांना हे माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच प्रकार सांगते. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर (ट्रायलची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारी साइट, म्हणजे रजिस्ट्री) जिचे रिझल्ट टाकलेत अशी एक पूर्ण झालेली ट्रायल निवड, तिचा पेपर कुठल्या जर्नलमध्ये आलाय ते शोध पण उघडू नकोस. फक्त रजिस्ट्रीतल्या टेबलांवरून अडीचशे शब्दांचा ॲबस्ट्रॅक्ट (पेपरच्या सुरुवातीचा सारांश) स्वतः लिही, मग छापलेला ॲबस्ट्रॅक्ट उघडून शेजारी ठेव. त्यांनी काय घेतलं, तू काय सोडलंस, प्रायमरी एंडपॉइंट (ट्रायलमध्ये मुख्य म्हणून मोजायचं ठरलेलं ते) कुठल्या वाक्यात आला, सेफ्टीला किती जागा दिली, सगळं दिसतं. कधीकधी तुझंच जास्त प्रामाणिक निघेल, कारण छापील ॲबस्ट्रॅक्टमध्ये चांगला रिझल्ट पुढे आणि वाईट मागे ढकललेला असतो, तेही ओळखायला शीक. असे पाच-सहा झाले की तुझ्याकडे दाखवायला सॅम्पल तयार, आणि ते सॅम्पल सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतं.

लिहिण्याच्या कोर्समध्ये स्टॅनफर्डचा 'रायटिंग इन द सायन्सेस' हा कोर्सेरावरचा कोर्स मी डोळे झाकून सांगते, क्रिस्टिन सैनानी शिकवतात, त्या स्वतः स्टॅटिस्टिक्सच्या माणूस, त्यामुळे वाक्यातला पसारा कसा काढायचा ते एकेक वाक्य घेऊन करून दाखवतात. सर्टिफिकेटसाठी फी पडली तरी तुझ्या ८५ हजारांपुढे ती काहीच नाही. रिसर्च मेथडसाठी आयसीएमआरच्या चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा (एनआयईचा) हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आपल्या देशातली उदाहरणं असल्यामुळे तो पटकन समजतो. ट्रायलचं डिझाइन समजून घ्यायला जॉन्स हॉपकिन्सचा क्लिनिकल ट्रायल्सचा कोर्स कोर्सेरावरच आहे. जीसीपीचं सर्टिफिकेट ग्लोबल हेल्थ नेटवर्कवर फुकट मिळतं, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हण. ऑथरएड म्हणून एक उपक्रम आहे, ते पेपर कसा लिहायचा याचे ऑनलाइन कोर्स विकसनशील देशातल्या लोकांसाठी फुकट घेतात, तेही बघ. सेफ्टीत जायचं असेल तर गाझियाबादची इंडियन फार्माकोपिया कमिशन फार्माकोव्हिजिलन्सचं (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं) स्किल ट्रेनिंग घेते, सरकारी आहे.

पब्लिकेशनकडे जायचं असेल तर तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात. आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीचे) ऑथरशिपचे चार निकष, जीपीपी २०२२ (कंपन्यांच्या संशोधनाचे पेपर छापायचे संकेत), आणि इक्वेटर नेटवर्कवरच्या चेकलिस्ट, म्हणजे ट्रायलला कन्सॉर्ट, सिस्टेमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, ऑब्झर्वेशनल स्टडीला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर. सगळं फुकट.

एवढं करून झाल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, पेड कोर्स घ्यावासा वाटला तर जरूर घे. पण आधी फोन करून विचार, आणि उत्तर लेखी माग. शिकवणारा माणूस आज स्वतः कुठे लिहितोय का? नोकरी सोडून फक्त शिकवणारे काही जण उत्तम आहेत, पण या क्षेत्रात गाइडलाइन भराभर बदलतात. जीसीपीची आर३ म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, कन्सॉर्ट २०२५ मध्ये नवीन झालं, ट्रायलच्या स्टॅटिस्टिक्सच्या ई९ गाइडलाइनला एस्टिमँडची (ट्रायलमधून नक्की काय मोजायचं ते ठरवण्याची) पुरवणी २०१९ मध्ये जोडली गेली. सिलॅबसमध्ये जीसीपी आर२ आणि जीपीपी३ वरच गाडी थांबली असेल तर ते मटेरियल जुनं आहे असं समज. दुसरं, मी एकूण किती असाइनमेंट लिहिणार आणि त्या कोण तपासणार, तपासलेल्या एका असाइनमेंटचा नमुना नाव झाकून दाखवता का? ज्यांच्याकडे खरंच तपासणं होतं ते लगेच दाखवतात. जे म्हणतात की आमचं मटेरियल कॉन्फिडेन्शिअल आहे, त्यांच्याकडे बहुधा एमसीक्यू असतात. तिसरं, एका बॅचमध्ये किती जण? साठ जणांच्या बॅचमध्ये कोणी तुझं पान वाचणार नाही, ते शक्यच नाही.

आणि ते प्लेसमेंट असिस्टन्स. शब्द नीट वाच, असिस्टन्स लिहिलंय, प्लेसमेंट नाही. बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ नोकरीच्या जाहिराती ग्रुपवर टाकणं आणि बायोडेटा बघून देणं एवढाच असतो, जे तुला लिंक्डइनवर मिळतंच. विचारायचं हे की मागच्या बॅचमधले किती जण आज मेडिकल रायटर या पदावर आहेत, आणि त्यातल्या दोघांशी बोलायला द्याल का. डेटा एंट्री किंवा केस प्रोसेसिंगमध्ये (दुष्परिणामांच्या केस सिस्टिममध्ये नोंदवण्याच्या कामात) लागलेल्यांना ते त्यात धरतात, ती कामं वाईट नाहीत पण ते रायटिंग नाही. माझ्याकडे इंटरव्ह्यूला आलेली एक मुलगी एका महागड्या कोर्समधून आली होती, कर्ज काढून फी भरलेली, सर्टिफिकेटवर 'ॲडव्हान्स्ड' लिहिलेलं, आणि तिला आयुष्यात एकही नॅरेटिव्ह लिहायला लावलं नव्हतं. हुशार होती, मेहनती होती, फक्त तिच्याकडून कोणी लिहूनच घेतलं नाही. अशा इन्स्टिट्यूटचा मला मनापासून राग येतो, कारण आपल्याकडची पोरं घरातले पैसे गोळा करून भरतात.

इंटर्नशिपच्या नावाखाली अजून एक प्रकार चालतो त्यापासून लांब राहा. पीजीच्या मुलांचे थीसिस लिहून देणं, पैसे घेऊन पेपर लिहून त्यावर भलत्याच लोकांची नावं टाकणं, पैसे टाकले की छापणाऱ्या जर्नलमध्ये 'तुमचा पेपर पब्लिश करून देतो' असं सांगणं, याला कोणी मेडिकल रायटिंग म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. खऱ्या पब्लिकेशन रायटरचं नाव पेपरच्या शेवटी ॲक्नॉलेजमेंटमध्ये उघड लिहितात आणि त्याला पैसे कोणी दिले तेही लिहितात. जिथे रायटरला लपायला सांगतात तिथे काम करायचं नाही. सुरुवातीलाच अशा ठिकाणी नाव अडकलं तर पुढे चांगली कंपनी घेत नाही.

बाहेरच्या संस्थांचं विचारलं नाहीस पण सांगते. मेडिकल रायटर लोकांच्या संघटना म्हणजे अमेरिकेची एएमडब्ल्यूए १९४० पासून आहे, युरोपची ईएमडब्ल्यूए १९८९ पासून, दोघांचं ट्रेनिंग या क्षेत्रात मानलं जातं. ईएमडब्ल्यूएच्या वर्कशॉपचं मला आवडतं ते म्हणजे आधी असाइनमेंट, मग वर्कशॉप, मग नंतर परत असाइनमेंट, आणि ती शिकवणाऱ्याला पटली तरच क्रेडिट. मी वर जे म्हटलं तेच, कोणीतरी वाचतं. युरोत फी असल्याने नवख्याला जड जाते, म्हणून नोकरी लागल्यावर कंपनीकडून करून घ्यायचं, बऱ्याच कंपन्या देतात. तोवर त्यांचं 'मेडिकल रायटिंग' नावाचं जर्नल ऑनलाइन फुकट वाचता येतं, जुने अंकही. सीएमपीपी नावाची परीक्षा पब्लिकेशनवाल्यांची, ती अनुभव असल्याशिवाय देताच येत नाही, त्यामुळे 'सीएमपीपीची तयारी' म्हणून फ्रेशरला कोणी काही विकत असेल तर घेऊ नकोस.

एआयबद्दल सगळेच विचारतात. हो, पहिला ड्राफ्ट, साचेबंद नॅरेटिव्ह, लिटरेचरचा सारांश, हे आता टूल्सना द्यायला सुरुवात झालीय आणि नवख्यांना जे सोपं काम मिळायचं ते कमी होतंय. पण टूलने लिहिलेल्या पानावरचा प्रत्येक आकडा मूळ टेबलाशी जुळवून बघायला माणूस लागतो, आणि क्यूएमधून येणाऱ्या मुलीला ते डोळे आधीच असतात. तू बॅच रेकॉर्ड तपासतेस तसंच हे. फक्त एक कायम लक्षात ठेव, पेशंटची किंवा कंपनीची माहिती पब्लिक चॅटबॉटमध्ये कधीही टाकायची नाही, सरावासाठीसुद्धा नाही.

आता गोव्याचं. आपल्याकडे फॅक्टऱ्या भरपूर, वेर्णा, कोलवाळ, पिळर्ण, पण रायटिंगच्या टीम बाहेर आहेत, मुंबईला कॅक्टस, बंगळुरूला इंडिजीन, हैदराबादला नोव्हार्टिस आणि बऱ्याच सीआरओ (औषध कंपन्यांसाठी ट्रायलचं काम करून देणाऱ्या कंपन्या). काम घरून होतं, मी करतेच, पण पहिली एक-दोन वर्षं शक्य असेल तर ऑफिसला जाऊन काढ, कारण शेजारी बसलेल्या सीनिअरला वळून 'हे वाक्य बघ ना' म्हणता येतं, त्यातूनच माणूस पटपट तयार होतो. ते जमत नसेल, घरची अडचण असेल, तर जिथे मेंटर नेमून देतात अशीच रिमोट नोकरी घे, पगार दोन हजार कमी असला तरी चालेल. इथल्या इथे करण्यासारखंही आहे. पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत किंवा फर्मागुडीच्या कॉलेजात तुझे सर असतील, त्यांचा एखादा रिव्ह्यू पेपर चालू असेल तर रेफरन्स लावायला, टेबल करायला मदत कर आणि त्या बदल्यात तुझा ड्राफ्ट तपासून माग. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) रेसिडेंट डॉक्टर केस रिपोर्ट लिहित असतात, ओळखीचं कोणी असेल तर केअर चेकलिस्टप्रमाणे त्यांचा रिपोर्ट तपासून देते म्हण, फक्त ऑथर त्यांनीच राहायचं आणि तुझी मदत ॲक्नॉलेजमेंटमध्ये उघड लिहायची, आणि पेशंटची ओळख कळेल असं काही हातात घ्यायचं नाही.

आणखी एक, मराठी आणि कोकणी दोन्ही येतात हे बायोडेटात लिही. ट्रायलचे कन्सेंट फॉर्म पेशंटला समजणाऱ्या भाषेत द्यावेच लागतात, ते भाषांतर पुन्हा इंग्रजीत उलटं करून तपासतात, आणि हे काम शास्त्र कळणाऱ्या माणसाने केलं तर पेशंटला आपण कशावर सही करतोय ते खरंच कळतं. या कामाला मी फार मान देते.

नोकरी मात्र आत्ता सोडू नकोस. शिफ्ट सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास निघाले तरी सहा महिन्यांत स्टॅनफर्डचा कोर्स, एनआयईचा कोर्स, ई३ चं वाचन आणि पाच ॲबस्ट्रॅक्ट एवढं होतं. पहिला ॲबस्ट्रॅक्ट झाला की मला पाठव, रजिस्ट्री नंबरसकट, मी ट्रॅक चेंजेसमध्ये बघून देते, त्याचे पैसे नकोत. आणि त्या इन्स्टिट्यूटवाल्यांना सांग की आधी तपासलेल्या असाइनमेंटचा नमुना दाखवा, 'ऑफर उद्या संपतेय' म्हणाले तर संपू दे.